नृत्यशास्त्राच्या लेखी परीक्षेतील काही शंका : हस्तांची संख्या, नृत्त-नृत्य आणि रस-भाव

प्रश्न : नूपुर_सातारा

सर्वांना नमस्कार. मी कथकची विद्यार्थिनी असून यंदा मध्यमा परीक्षेला बसणार आहे. प्रात्यक्षिकाची तयारी गुरूंकडे नियमित चालू आहे; मात्र शास्त्राचा अभ्यास मी बहुतांशी स्वतःच, वर्गातील वह्या आणि वाचनालयातून आणलेली पुस्तके समोर ठेवून करते, आणि तिथेच माझा गोंधळ उडतो. एका पुस्तकात असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) २८ आणि संयुत हस्त (दोन्ही हातांच्या मुद्रा) २३ दिले आहेत, तर दुसऱ्यात हेच आकडे २४ आणि १३ असे आहेत. रस कुठे ८ आहेत, तर कुठे ९. उत्तरपत्रिकेत यांपैकी काय लिहावे?

नृत्त (केवळ ताल-लयीचे) आणि नृत्य (भाव दाखवणारे) यांच्या व्याख्या मला पाठ आहेत, परंतु गतनिकास किंवा कवित्त या कथकमधील रचनांना कोणत्या प्रकारात घालावे हे सकारण लिहायचे झाले की लेखणी अडते. तसेच ‘भाव म्हणजे मनातील भावना आणि रस म्हणजे त्यातून मिळणारा आनंद’ एवढ्या एका वाक्यावर माझे समाधान होत नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. माझी धाकटी बहीण भरतनाट्यम् शिकते. तिच्या वर्गात अगदी सुरुवातीपासून हस्तांचे श्लोक म्हणून घेतले जातात. आमच्या वर्गात मात्र गतभाव (अभिनयाने कथा सांगणारी रचना) शिकवताना ‘हात असा ठेव, नजर तिकडे ने’ एवढेच सांगितले जाते आणि मृगशीर्ष, कर्तरीमुख ही नावे क्वचितच कानावर पडतात. मग कथकच्या विद्यार्थ्याने ही नावे का शिकावीत, आणि आम्हा दोघींना शास्त्राचा अभ्यास एकत्र करता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : पढंत_पुणे

नूपुरताई, आपल्या दोन्ही पुस्तकांतील आकडे बरोबर आहेत, कारण ते दोन निरनिराळ्या ग्रंथांतून घेतलेले आहेत. २४ असंयुत आणि १३ संयुत हस्त ही गणना भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील, म्हणजे त्याच्या नवव्या अध्यायातील आहे. २८ आणि २३ ही गणना नंदिकेश्वरांच्या अभिनयदर्पणातील आहे. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत ग्रंथाचे नाव गाळून नुसता आकडा छापण्याची सवय फार जुनी आहे आणि सगळा गोंधळ तिच्यातून होतो. उत्तरात ‘अभिनयदर्पणानुसार असंयुत हस्त २८ आहेत’ असे ग्रंथाच्या नावासह लिहावे. शक्य असल्यास नाट्यशास्त्रातील संख्याही पुढे द्यावी, म्हणजे परीक्षकांना शंकेला जागा राहत नाही.

हा फरक कसा पडतो, हे एकदा दोन्ही याद्या शेजारी ठेवून स्वतः पाहावे. पताक, त्रिपताक, कर्तरीमुख, अर्धचंद्र, अराल, शुकतुंड, मुष्टि, शिखर, कपित्थ येथपासून थेट मुकुल आणि ताम्रचूड यांच्यापर्यंत २३ नावे दोन्हीकडे समान आहेत. एखाद्या नावात थोडा पाठभेद आढळतो, इतकेच. नाट्यशास्त्रातील ऊर्णनाभ हा हस्त अभिनयदर्पणाच्या २८च्या गणनेत नाही, आणि अर्धपताक, मयूर, चंद्रकला, सिंहमुख व त्रिशूल हे पाच तिथे नव्याने आलेले आहेत. २४मधून एक गेला आणि पाच आले, म्हणून २८ झाले. एवढे ध्यानात राहिले की दोन याद्या वेगवेगळ्या पाठ करण्याचे ओझे उतरते. शिरोभेदांचेही, म्हणजे मस्तकाच्या हालचालींच्या प्रकारांचेही, तसेच आहे : नाट्यशास्त्रात १३, अभिनयदर्पणात ९. दृष्टिभेद (नजरेचे प्रकार) नाट्यशास्त्रात ३६ आहेत आणि अभिनयदर्पणात केवळ ८.

यामागचे कारणही समजून घ्यावे. नाट्यशास्त्र हा संपूर्ण रंगभूमीचा ग्रंथ आहे. नाट्यगृहाची बांधणी, पूर्वरंग, वृत्ते, रस, वाद्ये, रंगभूषा असे सर्व त्यात येते आणि नृत्य हे त्याचे एक अंग आहे. अभिनयदर्पण हा त्या मानाने लहानसा ग्रंथ असून त्याचा मुख्य भर आंगिक अभिनयावर आहे, म्हणजे नर्तकाने शिर, दृष्टी, ग्रीवा, हस्त आणि पाद यांचा वापर कसा करावा यावर. त्यामुळेच नृत्याच्या वर्गात अभिनयदर्पण अधिक उपयोगी पडते, तर रसाचा प्रश्न आला की नाट्यशास्त्राच्या सहाव्या आणि भावांसाठी सातव्या अध्यायाकडे वळावे लागते.

रसांच्या संख्येविषयी लिहायचे तर नाट्यशास्त्राच्या मूळ गणनेत शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे आठच रस धरले जातात. शांत हा नववा रस पुढच्या काळात मान्य झाला आणि काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी आपल्या टीकेत त्याचा विस्ताराने पुरस्कार केला. ‘नवरस’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की भरतांच्या नावावर नऊ रस खपवले जातात, ते टाळावे.

कथकच्या विद्यार्थ्याने नावे का शिकावीत, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पताक हस्ताचे उदाहरण घ्या. चार बोटे सरळ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा किंचित दुमडलेला. अभिनयदर्पणातील त्याचा विनियोग, म्हणजे तो कोठे वापरावा हे सांगणारा श्लोक, ‘नाट्यारंभे वारिवाहे वने वस्तुनिषेधने’ असा सुरू होतो : नाट्याचा आरंभ, मेघ, अरण्य, एखादी वस्तू नाकारणे, पुढे रात्र, नदी, घोडा, वारा, निजणे, निघण्याची तयारी अशी लांबलचक यादी येते. आकृती एकच, अर्थ कितीतरी. हाच हात छातीसमोर तळवा बाहेर करून आडवा नेला की नकार होतो, आणि कमरेच्या उंचीवर मनगटाच्या हलक्या लाटेने पुढे सोडला की नदी वाहू लागते. अर्थ ठरतो तो हाताची जागा, तळव्याची दिशा, गती आणि नजर यांवरून. आपण गतभावात यमुना दाखवता, माखनचोरीच्या प्रसंगात कान्ह्याला अडवता, तेव्हा हा हात आपण वापरतच असता. नाव ठाऊक असले की आपल्या गतभावातील हात आणि ग्रंथातील विनियोग यांची सांगड आपली आपल्याला घालता येते, आणि बहिणीच्या पदम्‌मधील हाताशी त्याची तुलनाही करता येते. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती ही संस्था सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे यांनी अभिनयदर्पण कथकच्या अंगाने अभ्यासून ‘कथक दर्पण दीपिका’ सिद्ध केली, ती याच जाणिवेतून असे मी मानतो.

उत्तर २ : वाचस्पती

रस आणि भाव यांविषयी थोडे लिहितो. मी नर्तक नाही, संस्कृतचा अध्यापक आहे. परंतु विद्यार्थी या प्रश्नाची उत्तरे व्याख्येपाशीच थांबवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः’ (विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो) हे भरतांचे सूत्र आपल्या वहीत असेलच. ते एका नायिकेला लावून पाहू. अष्टनायिकांपैकी खंडिता घ्या. नायक रात्रभर आला नाही. पहाटे तो दारात उभा आहे, डोळे जागरणाने लाल झालेले आहेत आणि ओठांवर दुसऱ्या स्त्रीच्या काजळाची खूण आहे. येथे नायक हा आलंबन विभाव, कारण नायिकेच्या मनातील भाव त्याच्या आधाराने उभा राहतो. पहाटेची वेळ, काजळाची खूण, लाल डोळे हे उद्दीपन विभाव. ते त्या भावाला चेतवतात. नायिका मान फिरवते, भुवई उंचावते, त्याचा हात झिडकारते; हे अनुभाव, म्हणजे आतल्या भावाचे प्रेक्षकाला दिसणारे रूप. मनात क्षणाक्षणाला असूया, अमर्ष, विषाद, निर्वेद येऊन जातात; हे व्यभिचारी भाव असून त्यांची एकूण संख्या ३३ सांगितली आहे. डोळ्यांत पाणी येते, चेहऱ्याचा रंग उतरतो. अश्रू आणि वैवर्ण्य हे सात्त्विक भाव झाले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे ते आठ आहेत. आठ स्थायी (मनात टिकून राहणारे मूळ भाव), ३३ व्यभिचारी आणि आठ सात्त्विक मिळून ४९ भाव होतात.

आता या प्रसंगातील रस कोणता? अनेक विद्यार्थी येथे ‘रौद्र’ असे लिहितात, कारण नायिका रागावलेली आहे. हे उत्तर चुकीचे आहे. रौद्राचा स्थायी भाव क्रोध होय. खंडितेच्या मनात मात्र स्थायी भाव रती हाच आहे. तिचे प्रेम नसते तर काजळाच्या खुणेने ती दुखावलीच नसती. तिचा राग येतो आणि जातो, म्हणून तो व्यभिचारी भावांच्या बाजूला बसतो, आणि रस शृंगारच राहतो, तोही विप्रलंभ, म्हणजे विरहाचा शृंगार. ज्या नर्तिकेला हा भेद उमजलेला नसतो, तिची खंडिता रंगमंचावर नुसती भांडखोर दिसते. उमजलेला असतो तेव्हा तिच्या झिडकारण्यातही ओढ दिसते. शास्त्राचा प्रयोगावर होणारा परिणाम याहून स्पष्ट मला दाखवता येणार नाही.

रस कोठे असतो, या वादावर भट्ट लोल्लट, श्रीशंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांची चार मते प्रसिद्ध आहेत. आपल्या परीक्षेपुरते एवढे पुरे आहे की अभिनवगुप्तांच्या मते रस हा सहृदय प्रेक्षकाच्या अनुभवात असतो. भाव पात्राचा आणि आस्वाद प्रेक्षकाचा, असे मांडले तर आपल्या वहीतील वाक्याला अर्थ येईल.

उत्तर ३ : पढंत_पुणे

वाचस्पती सरांनी खंडितेचे उदाहरण फार चांगले दिले. नृत्त-नृत्याचा मुद्दा माझ्या आधीच्या उत्तरात राहून गेला होता, तो येथे लिहितो.

धनंजयाच्या दशरूपकातील ‘अन्यद् भावाश्रयं नृत्यं नृत्तं ताललयाश्रयम्’ हे वचन सर्वांत आटोपशीर आहे : नृत्य भावाचा आश्रय करते, नृत्त ताल आणि लय यांचा. अभिनयदर्पणही भावाभिनय नसलेले ते नृत्त आणि रसभावांची व्यंजना असलेले ते नृत्य असेच म्हणते, आणि पूर्वकथेने युक्त असते त्याला नाट्य म्हणते. ही कसोटी हातात धरून आपल्याच नाचातील एकेक रचना तपासावी. तत्कार, लडी, तोडे, तुकडे हे निःसंशय नृत्त आहे. गतभाव निःसंशय नृत्य आहे, कारण त्यात एकच नर्तक पलटा घेऊन कधी राधा, कधी कृष्ण, कधी वाट अडवलेली गवळण होतो आणि कथा पुढे नेतो. अवघड ठरतात त्या मधल्या रचना. गतनिकासात मुरली, घुंगट किंवा मटकी यांचा एक पवित्रा घेऊन नर्तक डौलदार चालीने निघतो. व्यक्तिरेखा सुचवली जाते, कथा मात्र सांगितली जात नाही. मी त्याला नृत्यात घालतो, परंतु ‘कथेविना केवळ व्यक्तिरेखेचा सूचक भाव’ हे कारण जोडून. कवित्ताला शब्दार्थ असतो आणि त्याचा अभिनय लयीत बांधलेला असतो, म्हणून तेही नृत्य. परन (पखवाजाच्या बोलांवरची रचना) एरवी नृत्ताकडे जाते, पण गणेश परनेत देवतेची विशेषणे आली आणि नर्तकाने ती हातांनी दाखवली की तिला नृत्ताच्या खान्यात बसवणे मला पटत नाही. थाट, म्हणजे लयीत उभे राहण्याचा डौलदार पवित्रा, याविषयी तर जाणकारांतही मतभेद आहेत : त्यात कथा नाही, शब्द नाहीत, तरी भुवईची आणि मनगटाची जी सूक्ष्म हालचाल होते ती कोरडी नसते. उत्तरपत्रिकेत हे मतभेद लिहायला अजिबात कचरू नये. विचार करून, कारण देऊन लिहिलेले उत्तर पाठ केलेल्या दोन ओळींहून केव्हाही वजनदार ठरते.

उत्तर ४ : अरमंडी_ठाणे

मी भरतनाट्यम् शिकवते. नूपुरताई, आपण दोघी बहिणींनी अवश्य एकत्र अभ्यास करावा. अर्ध्याहून अधिक भाग सामाईक निघेल. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे चार अभिनय, हस्त, शिरोभेद, रस-भाव, नायक-नायिका, तांडव आणि लास्य, लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हे सारे दोघींना तेच आहे. ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ हा श्लोकही एकच. नृत्त-नृत्याची वर सांगितलेली कसोटी बहिणीने आपल्या सादरीकरणाच्या ठरलेल्या क्रमाला, म्हणजे मार्गम्‌ला लावून पाहावी : अलारिप्पु आणि जतिस्वरम् नृत्तात, पदम् आणि जावळी नृत्यात, तर वर्णम्‌मध्ये दोन्ही आलटून पालटून येतात.

फरक मुख्यतः तालशास्त्रात आहे, आणि तिथे सरमिसळ होऊ देऊ नये. आपल्या तीनतालाला १६ मात्रा, चार-चार मात्रांचे चार विभाग, १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी आणि ९वर खाली (टाळी न देता हाताची मोकळी खूण). तिच्या आदितालाची आठ अक्षरे असून त्यांची रचना ४, २, २ अशी आहे. एक लघु आणि दोन द्रुत. लघु टाळी देऊन पुढे बोटांवर मोजतात, द्रुत टाळी आणि हाताची उलटी खूण यांनी दाखवतात. कर्नाटक पद्धतीत सात मूळ ताल आणि तिस्र, चतुस्र, खंड, मिश्र, संकीर्ण या पाच जाती मिळून ३५ ताल होतात. ‘खाली’ ही कल्पना तिच्या पद्धतीत त्या रूपात नाही. हे तिने आपल्याला हाताने करून दाखवावे आणि आपण तिला तीनताल. कागदापेक्षा लवकर समजेल.

इतिहासाच्या प्रश्नासाठी एक सूचना करते, कारण महाराष्ट्रातले विद्यार्थीच ती माहिती गाळतात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘गीतं वाद्यं तथा नृत्तं त्रयं संगीतमुच्यते’ हे वचन ज्या संगीतरत्नाकरातले, तो ग्रंथ शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या दौलताबादेत लिहिला. त्याचा सातवा अध्याय संपूर्ण नर्तनाला वाहिलेला आहे. आणि भरतनाट्यम्‌च्या आजच्या मार्गम्‌ची घडण ज्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंच्या नावे सांगितली जाते, ते तंजावरच्या मराठा दरबाराशी निगडित होते. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. एकाच राग-तालात गुंफलेल्या रचनांची ती मालिका असते. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी या मराठी रचनांवर अनेक वर्षे काम करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. बहिणीला मार्गम्‌वर टीप लिहायची असेल तर तिने हा परिच्छेद जरूर जोडावा.

नूपुर_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खंडितेविषयी मीही ‘रौद्र’ असेच लिहिले असते. तालाचा विषय निघालाच आहे म्हणून एक विचारते : तिहाई (तीनदा म्हणून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचे बोल) लिपिबद्ध करताना माझा हिशेब नेहमी एका मात्रेने चुकतो. आवर्तन १६ मात्रांचे असताना तिहाई १६ मात्रांत बसवायची की १७?

उत्तर ५ : पढंत_पुणे

समेपासून उचललेली आणि पुढच्या समेवर संपणारी तिहाई १७ मात्रांची धरावी, कारण शेवटचा ‘थेई’ पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो आणि ती मात्राही मोजायची असते. आपली एक मात्रा तिथेच हरवत असावी.

१७ला तीनने भाग जात नाही, म्हणून पूर्ण मात्रांत बांधायची तर येथे बेदम (मध्ये न थांबणारी) तिहाई बसत नाही आणि दम (मधला विराम) घ्यावा लागतो. पाच मात्रांचा पल्ला (तीनदा म्हणायचा तुकडा) घ्या : ‘तत् । तत् । तिगदा । दिगदिग । थेई’. पहिला पल्ला १ ते ५, सहाव्या मात्रेवर दम. दुसरा ७ ते ११, बाराव्या मात्रेवर दम. तिसरा १३ पासून सुरू होऊन १६ पर्यंत चार मात्रा घेतो आणि त्याचा ‘थेई’ समेवर येतो. पाच त्रिक पंधरा आणि दोन दम, मिळून १७.

बेदम हवी असेल तर खालीपासून उचलावी. नवव्या मात्रेपासून समेपर्यंत, सम धरून, नऊ मात्रा होतात, म्हणून तीन मात्रांचा ‘तिगदा । दिगदिग । थेई’ हा पल्ला सलग तीनदा अचूक बसतो : ९ ते ११, १२ ते १४, आणि १५, १६, सम. लिहिताना भातखंडे पद्धतीप्रमाणे समेखाली ×, खालीच्या मात्रेखाली ० आणि टाळ्यांखाली २ व ३ ही चिन्हे द्यावीत. ‘दिगदिग’सारखे एकाच मात्रेत बसणारे बोल खालून एका कंसाने जोडावेत, आणि शेवटचा ‘थेई’ नव्या ओळीत × या चिन्हावर लिहावा. तो सोळाव्या मात्रेच्या रकान्यात कोंबला की हिशेब बरोबर असूनही उत्तर चुकलेले दिसते. कागदावर उतरवण्याआधी हातावर ताल धरून तिहाईची पढंत एकदा मोठ्याने करून पाहावी.